गावाच्या मालकीची बँक शाखा : मालकी कशाची घ्यावी आणि जोखीम कोणाकडे ठेवावी

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा आहे : आपले गाव सुमारे बारा हजार वस्तीचे, आठवडी बाजाराचे आहे. राष्ट्रीयीकृत बँकांच्या विलीनीकरणानंतर गावातील दोन शाखांपैकी एक बंद झाली आणि उरलेल्या शाखेत साध्या कामासाठी अर्धा दिवस मोडतो. ऑस्ट्रेलियातील लहान गावांनी स्वतःच्या मालकीच्या बँक शाखा काढल्याचे आपल्या वाचनात आले, गावातील काही मंडळी भांडवल घालण्यास तयार आहेत, आणि सुरुवात कोठून करावी हे आपल्याला हवे आहे. सहकारी पतसंस्थांचे लेखापरीक्षण आणि नव्या संस्थांच्या नोंदणीची कामे मी बरीच वर्षे करीत आलो आहे. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर देत आहे.

भांडवल किती जमेल, या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न सुटावा लागतो. गावाला शाखेची मालकी हवी आहे, की लोकांच्या ठेवींची जबाबदारीही स्वतःच्या शिरावर घ्यायची आहे? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपल्याकडे अशा प्रयत्नांतून जी संकटे उभी राहिली, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी हा फरक सुरुवातीलाच स्पष्ट न झाल्याचे मला दिसले आहे.

आपण ज्या ऑस्ट्रेलियन प्रयोगाचा उल्लेख केला आहे, तो नीट समजून घेतला तर हा फरक लक्षात येईल. व्हिक्टोरिया राज्याच्या विमेरा भागात रुपन्यप आणि मिनयिप ही धान्य पिकवणारी दोन छोटी गावे आहेत. नव्वदच्या दशकात मोठ्या बँकांनी ग्रामीण शाखा झपाट्याने बंद केल्या, त्यात या गावांतील बँकाही गेल्या. बेंडिगो बँक ही १८५८ मध्ये सोन्याच्या खाणींच्या शहरात गृहकर्ज संस्था म्हणून सुरू झालेली आणि १९९५ मध्ये बँक झालेली संस्था. तिचे तत्कालीन व्यवस्थापकीय संचालक रॉब हंट यांच्या पुढाकाराने तिने एक वेगळी रचना मांडली, आणि जून १९९८ मध्ये या दोन गावांत पहिल्या ‘कम्युनिटी बँक’ शाखा उघडल्या. दोन्ही गावांनी मिळून एकच कंपनी काढली होती, ही बाब मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण शेजारच्या गावाशी असलेली जुनी चढाओढ बाजूला ठेवल्याशिवाय एवढ्या लहान वस्तीत शाखेचा खर्च निघत नाही.

रचना अशी आहे. गावकरी आधी सुकाणू समिती नेमतात, घरोघर फिरून कोण किती रकमेचे भाग घेईल याची लेखी वचने गोळा करतात, शाखा चालेल का याचा अभ्यास करून घेतात, आणि मग रीतसर माहितीपत्रक काढून स्थानिक सार्वजनिक कंपनीचे भाग विकतात. जागा, फर्निचर, कर्मचाऱ्यांचे पगार आणि इतर चालू खर्च ही कंपनी करते. बँकेचा परवाना, संगणक प्रणाली, ठेव व कर्जाच्या योजना आणि प्रशिक्षण बेंडिगो बँकेचे असते. शाखेतून होणाऱ्या व्यवसायाचे उत्पन्न बँक आणि गावची कंपनी यांच्यात करारानुसार वाटले जाते. कंपनीच्या नफ्यातून भागधारकांना मर्यादित लाभांश मिळतो आणि मोठा वाटा गावातील मैदाने, दवाखाने, अग्निशमन दल, शिष्यवृत्त्या यांसाठी जातो. पुढे अशा शाखांची संख्या तीनशेच्या घरात गेली आणि त्यांनी आपापल्या वस्त्यांना परत दिलेली एकूण रक्कम ३० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली आहे.

आता खरा मुद्दा. या सगळ्यात ठेवी गावच्या कंपनीच्या खतावणीत कधीच येत नाहीत. ठेवीदार बेंडिगो बँकेचा असतो, कर्जदारही तिचाच असतो, आणि शाखा तोट्यात जाऊन उद्या बंद पडली तरी गावकऱ्यांनी भागात घातलेले पैसे बुडतील, पण विधवेची मुदतठेव किंवा दुकानदाराची बचत बुडणार नाही. गावाने धंद्याची जोखीम घेतली आहे आणि ठेवींची जोखीम परवानाधारक बँकेकडे ठेवली आहे. आपल्याकडे नेमकी ही विभागणी होत नाही. आपण पतसंस्था काढतो आणि दोन्ही जोखमी एकाच वेळी, एकाच संचालक मंडळाच्या हाती देतो.

परस्पर साहाय्याने पैसा उभारण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने ५ फेब्रुवारी १८८९ रोजी बडोद्यात ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ स्थापन झाली, म्हणजे सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा येण्याच्या पंधरा वर्षे आधी. तो कायदा १९०४ मध्ये आला आणि त्यानंतर पुण्यामुंबईत नागरी सहकारी बँका उभ्या राहिल्या. सहकारी बँकांना बँकिंग कायदा १ मार्च १९६६ पासून लागू झाला, आणि तेव्हापासून नोंदणी सहकार खात्याकडे व बँकिंगचे नियंत्रण रिझर्व्ह बँकेकडे अशी दुहेरी व्यवस्था चालत आली. २०२० च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचे अधिकार पुष्कळ वाढले आहेत.

लहान गावाने स्वतःची बँक काढल्याचे आपल्या जवळचे उत्तम उदाहरण म्हणजे सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातल्या म्हसवड येथील माणदेशी महिला सहकारी बँक. चेतना सिन्हा आणि त्यांच्याबरोबरच्या ग्रामीण स्त्रियांनी परवान्यासाठी केलेला पहिला अर्ज, प्रवर्तक स्त्रिया निरक्षर असल्याच्या कारणावरून, नामंजूर झाला. त्या स्त्रिया अक्षरे शिकून पुन्हा रिझर्व्ह बँकेपुढे गेल्या, व्याजाचे हिशेब आपण तोंडी करू शकतो हे त्यांनी तेथे ठामपणे सांगितले, आणि १९९७ मध्ये बँक सुरू झाली. या धैर्याबद्दल मला मनापासून आदर आहे. परंतु आज आपण त्याच वाटेने निघालात तर दार बंद आढळेल : नागरी सहकारी बँकांना नवे परवाने देणे २००४ पासून थांबलेले आहे. त्यावर पुनर्विचाराची चर्चा रिझर्व्ह बँकेने अलीकडे सुरू केली असली, तरी बारा हजार वस्तीच्या एका गावाने तिच्यावर विसंबून बेत आखू नये.

मग उरतात ते मार्ग तीन, आणि मी ते माझ्या पसंतीच्या क्रमाने सांगतो.

पहिला मार्ग म्हणजे जिल्ह्यातील किंवा शेजारच्या जिल्ह्यातील एखाद्या सुस्थितीतील सहकारी बँकेला गावात शाखा काढायला लावणे, आणि गावकऱ्यांनी त्या बँकेचे मोठ्या संख्येने सभासद होणे. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक सक्षमतेच्या निकषांत बसणाऱ्या बँकांना नवीन शाखा काढणे तुलनेने सोपे असते. बँकेला प्रश्न असतो तो शाखा किती दिवसांत स्वतःचा खर्च भागवेल, हा. गावाने लेखी वचनांसह ठेवींचा आकडा समोर ठेवला, व्यापारी मंडळींनी चालू खाती तिकडे नेण्याचे कबूल केले आणि ग्रामपंचायतीने किंवा बाजार समितीने माफक भाड्यात जागा दिली, तर बोलणी बरोबरीच्या नात्याने होतात. येथे प्रत्येक ठेवीदाराला ठेव विमा महामंडळाचे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. पूर्वी ही मर्यादा १ लाख होती आणि ती फेब्रुवारी २०२० मध्ये वाढली. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा खातेदारांना प्रारंभी अवघे १,००० रुपये काढता येत होते. तिच्या कर्जांचा फार मोठा भाग एकाच बांधकाम समूहाकडे अडकला होता. त्या प्रकरणानंतर, निर्बंध लागलेल्या बँकेतील विमा-संरक्षित रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद २०२१ मध्ये कायद्यात आली. सहकारी बँक निवडताना तिचा ताळेबंद वाचून घ्यावा, हे यातून ओघाने आलेच. निव्वळ अनुत्पादक (म्हणजे थकलेल्या) कर्जांचे प्रमाण, भांडवल पर्याप्तता (म्हणजे कर्जांच्या जोखमीच्या मानाने बँकेचे स्वतःचे भांडवल किती) आणि मोठ्या वीस कर्जदारांकडे किती पैसा आहे, या तीन गोष्टी विचारायला संकोच करू नये.

या मार्गाच्या आधी आणखी एक काम करावे. ग्रामीण शाखा किंवा निमशहरी केंद्रातील (दहा हजार ते एक लाख वस्ती) एकमेव शाखा बंद करायची असेल तर बँकेला जिल्हा सल्लागार समितीची मान्यता घ्यावी लागते. ही समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते आणि तिचे निमंत्रण जिल्ह्याची अग्रणी बँक, म्हणजे जिल्ह्यातील बँकांच्या समन्वयासाठी नेमलेली बँक, काढते. आपल्याकडे एक शाखा उरलेली आहे, तेव्हा तिचे भवितव्य आणि तेथील मनुष्यबळ हे विषय लेखी निवेदनाने अग्रणी बँक व्यवस्थापकांमार्फत समितीपुढे ठेवावेत. पुष्कळ गावे नवी संस्था काढायला धावतात आणि हे साधे पत्र कोणीच लिहीत नाही.

दुसरा मार्ग बेंडिगोच्या रचनेला सर्वांत जवळचा आहे, आणि त्याकडे आपल्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये बँकांना व्यवसाय प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली. गावोगावी ‘बँक मित्र’ म्हणून ओळखली जाणारी केंद्रे त्यातूनच आली. असा प्रतिनिधी एखादी व्यक्तीच असावी लागते असे नाही, राज्याच्या सहकार कायद्याखाली नोंदलेली संस्थाही त्यासाठी पात्र धरलेली आहे. म्हणजे गावातील चांगली चाललेली पतसंस्था किंवा विविध कार्यकारी सेवा सोसायटी एखाद्या मोठ्या बँकेची प्रतिनिधी होऊ शकते : गावकऱ्याचे खाते त्या बँकेत, पैसा त्या बँकेच्या खतावणीत, विम्याचे संरक्षण त्या बँकेचे, आणि काउंटर, माणसे व जागा गावच्या संस्थेची. उणीव उत्पन्नाची आहे. ऑस्ट्रेलियात गावच्या कंपनीला व्यवसायाच्या उत्पन्नात वाटा मिळतो, येथे प्रतिनिधीला व्यवहारागणिक लहानसे कमिशन मिळते, आणि केवळ त्यावर तीन माणसांचा पगार निघत नाही. म्हणून ज्या संस्थेचा मूळ खर्च दुसऱ्या कामातून भागतो आहे, तिलाच हे जोडकाम परवडते. आपल्या गावात सेवा सोसायटी असेलच. तिची थकबाकी आणि सचिवाची कुवत पाहून मगच तिच्याशी बोलावे.

तिसरा मार्ग नवीन नागरी अथवा ग्रामीण बिगरशेती सहकारी पतसंस्थेचा. लोकांच्या मनात बहुधा हाच असतो, म्हणून त्याविषयी अधिक विस्ताराने लिहितो.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली तिची नोंदणी होते. प्रवर्तकांची सभा, मुख्य प्रवर्तकाची निवड, नाव राखून ठेवणे, भाग रक्कम गोळा करण्यासाठी खाते उघडण्याची निबंधकांची परवानगी, प्रकल्प अहवाल, आदर्श उपविधी आणि मग सहायक निबंधकांमार्फत प्रस्ताव, असा क्रम आहे. परवानगीच्या आधी एक रुपयाही गोळा करू नये. शासनाने ठरवून दिलेले सभासदसंख्येचे आणि भागभांडवलाचे निकष निबंधक कार्यालयात मिळतात, ते आधी आणावेत. फलकावर किंवा पावतीपुस्तकावर ‘बँक’ हा शब्द वापरता येत नाही, कारण तो बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ७ ने राखीव आहे. ठेवी सभासदांकडूनच घ्यायच्या असतात. आणि सर्वांत महत्त्वाचे : या ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नसते. मुदतठेवीवर दीड-दोन टक्के जास्त व्याज देणारी संस्था ठेवीदाराला हे स्वतःहून सांगत नाही. आपण काढाल त्या संस्थेने ते ठेव पावतीवर ठळकपणे छापावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आता हिशेब. उदाहरणादाखल समजा, संस्थेकडे ५ कोटी रुपयांच्या ठेवी आल्या आणि मुदतठेव, बचत व पिग्मी (एजंटाने रोज दारात येऊन गोळा केलेली लहान ठेव) मिळून त्यांवरील सरासरी व्याज ८ टक्के पडते, म्हणजे वर्षाला ४० लाख रुपये द्यायचे आहेत. त्यांतील ६५ टक्के, म्हणजे ३ कोटी २५ लाख, सरासरी १३ टक्क्यांनी कर्जाऊ दिले तर ४२ लाख २५ हजार येतील. उरलेले १ कोटी ७५ लाख जिल्हा बँकेत किंवा अन्य मान्य गुंतवणुकीत ७ टक्क्यांनी ठेवले तर १२ लाख २५ हजार येतील. एकूण ५४ लाख ५० हजारांतून व्याज वजा जाता १४ लाख ५० हजार हाती राहतात. तीन कर्मचाऱ्यांचा पगार दरमहा प्रत्येकी १५ हजारांप्रमाणे ५ लाख ४० हजार, भाडे १ लाख २० हजार, संगणक प्रणाली, वीज, छपाई व लेखापरीक्षण यांचे दीड लाख, आणि वर्षाला १ कोटीची पिग्मी गोळा होत असेल तर एजंटांचे ३ टक्के कमिशन म्हणजे ३ लाख, असा ११ लाख १० हजारांचा खर्च धरला तर ३ लाख ४० हजार उरतात. यात १० लाखांचे एकच कर्ज थकले, की त्याचे १ लाख ३० हजारांचे व्याज गेले आणि संभाव्य बुडीतासाठी १० टक्के तरतूद धरली तरी आणखी १ लाख गेले. राहिलेल्या १ लाख १० हजारांतून सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ६६ प्रमाणे किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो. आणि हे ५ कोटींवर. पहिल्या वर्षी ठेवी १ कोटीच्या पुढे गेल्या नाहीत, तर तोटा गृहीतच धरावा. लाभांशाची आशा दाखवून भाग विकले, तर दुसऱ्या वार्षिक सभेत उत्तर देता येत नाही. शिवाय कायद्याने लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा आहेच.

पैसा कोठे बिघडतो, हे लेखापरीक्षणात दोन ठिकाणी फार जवळून दिसते. पहिले ठिकाण पिग्मी. कार्यालयातील खतावणी नेहमीच जुळलेली असते. म्हणून पन्नासेक खात्यांची यादी घेऊन बाजारात जावे, पानपट्टीवाला, भाजीवाली, सलूनवाला यांच्या हातातील कार्डावरची किंवा मोबाइलवरील शिल्लक पाहावी आणि ती संस्थेच्या शिलकेशी ताडावी. एजंटाने सोमवारी घेतलेले पैसे गुरुवारी भरले असतील तर ते येथेच कळते, आणि तीन दिवसांची ती उसनवार वेळीच थांबवली नाही तर पुढे ती तीन महिन्यांची होते. ही पडताळणी संचालकांनी दर तिमाहीला स्वतः करावी, आणि एजंटाची वाट दरवर्षी बदलावी.

दुसरे ठिकाण सोनेतारण. तारणाची प्रत्येक पिशवी मोहोरबंद असावी, आत दागिन्यांची यादी, ढोबळ व निव्वळ वजन, मूल्यांकन करणाऱ्या सराफाची सही आणि कर्जदाराची सही असावी. मूल्यांकन करणारा सराफ स्वतः किंवा त्याचा भाऊ कर्जदार नसावा, आणि सहामाही फेरतपासणी दुसऱ्या गावच्या सराफाकडून व्हावी. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे असतात हे कागदावर सगळीकडे असते. प्रत्यक्षात दोन्ही व्यवस्थापकाच्या टेबलाच्या खणात असतात, आणि ते विचारण्याचे धैर्य ज्या संचालकात असते, त्याच्यामुळे संस्था टिकते. तारणाच्या बाबतीत बुलडाणा अर्बन या पतसंस्थेने गोदामातील शेतमालावर कर्ज देण्याची जी पद्धत रुजवली, तिचाही बाजारपेठेच्या गावाने अभ्यास करावा, कारण सुगीत भाव पडलेला असताना शेतकऱ्याला थांबता येते आणि संस्थेला डोळ्यांसमोर तारण राहते.

गावकीचा प्रश्न मात्र कोणत्याही उपविधीने सुटत नाही. लहान गावात कर्जदार हा कोणाचा तरी साडू, व्याही किंवा वॉर्डातला मतदार असतो, आणि जामीनदार एकमेकांना जामीन राहिलेले असतात. वसुलीसाठी त्याच अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळतो, तो दिवाणी दाव्यापेक्षा पुष्कळ लवकर मिळतो, पण मिळालेला दाखला कपाटात पडून राहण्याचे कारण बहुधा कायद्यात नसते. म्हणून माझा सल्ला असा की कर्ज उपसमितीत किमान एक माणूस गावाबाहेर नोकरी केलेला, शक्यतो निवृत्त बँक अधिकारी असावा, कोणत्याही एका कुटुंबाला मिळून द्यायच्या कर्जाची मर्यादा उपविधीत वैधानिक मर्यादेपेक्षा कमी ठेवावी, आणि संचालक व त्यांच्या नातेवाइकांच्या कर्जांची यादी दरवर्षी ३० सप्टेंबरपूर्वीच्या वार्षिक सभेत वाचून दाखवावी. गैरव्यवहार झाल्यास कलम ८३ ची चौकशी आणि कलम ८८ ची जबाबदारी निश्चिती संचालकांच्या घरादारापर्यंत येते, हे प्रवर्तकांच्या पहिल्या सभेतच सांगावे. ते ऐकून जे उठून जातील, त्यांना आग्रह करू नये.

आपल्या मंडळींनी पुढील तीन महिन्यांत एक वही भरावी, एवढीच सध्याची कृती मी सुचवीन. प्रत्येक कुटुंबाचे नाव, आज पैसा कोठे ठेवतात, त्यांतला किती हलवतील, कर्ज कशासाठी लागते, आणि भागात घातलेली रक्कम पाच वर्षे परत मिळाली नाही तर चालेल का, असे पाच रकाने असावेत, आणि समोर सही घ्यावी. पैसे मात्र घेऊ नयेत. हलवण्याजोग्या ठेवींचा आकडा ५ कोटींच्या पुढे गेला आणि वसुलीसाठी दारात उभी राहू शकतील अशी सात-आठ माणसे मिळाली, तर पतसंस्थेचा प्रस्ताव विचारात घ्यावा. त्याहून कमी भरला, तर तीच वही घेऊन सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात जावे आणि शाखेची मागणी करावी. वही कशीही भरली तरी अग्रणी बँकेला द्यायचे निवेदन मात्र या महिन्यातच द्यावे.